वजा सोमवार

डॉ. विश्राम ताटके यांनी काळी पेटी प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवली आणि तिची तार भिंतीतल्या खोबणीत लावली. पेटी जेवणाच्या डब्यापेक्षा थोडीच मोठी होती. आजपासून दहा दिवस तुमची कंपनी हिच्यात राहील, असे ते म्हणाले, तेव्हा हेमांगी उपासेला हसू आले नाही. गेल्या पाच महिन्यांत ती फारशी हसलीच नव्हती.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत तिची 'नवत्वच' ही कंपनी होती. भाजलेल्या रुग्णाच्या अंगावरचा टपाल तिकिटाएवढा निरोगी तुकडा इथे यायचा. त्यातल्या पेशी वाढटाकीत सोडल्या, की अकराव्या दिवशी तळहाताएवढे कातडे तयार व्हायचे. त्याला त्वचापट म्हणत. तो रुग्णाच्याच पेशींचा असल्यामुळे शरीर त्याला नाकारत नसे. देशातले चाळीसेक जळीत-विभाग या त्वचापटांवर अवलंबून होते.

पाच महिन्यांपूर्वी महानंदा बिराजदार नोकरी सोडून गेली. अकरा वर्षे सगळ्या वाढटाक्या तिच्याच हाताखाली होत्या. ती गेली हैदराबादच्या 'अभिकोश' कंपनीत, आणि महिन्याभरात अभिकोशने जाहीर केले की आम्हीही असाच त्वचापट आणत आहोत. त्याच सुमारास सोलापुरात दर पाच टाक्यांतली एक बिघडू लागली. पट दिसायला ठीक असायचा, पण चिमट्याने उचलला की ओल्या कागदासारखा फाटायचा. हेमांगीने दोन्ही गोष्टी एकत्र जोडल्या. महानंदाने आपले गुपित नेले आणि जाताना इथे काहीतरी करून ठेवले, अशी तिची खात्री झाली.

कंपनीचे वकील शहापूरकर यांनी नोटिशीचा मसुदा तयार केला होता, पण पाठवण्याआधी त्यांनी तिला दोन प्रश्न विचारले होते. तुमचे नेमके काय चोरीला गेले? आणि ते जपण्यासाठी तुम्ही काय केले होते? न्यायालय याच क्रमाने विचारील, असे त्यांचे म्हणणे होते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हेमांगीकडे तयार होते. दोन वर्षांपूर्वी तिने बोटाच्या ठशाने उघडणारी दारे बसवली, मोबाइल फाटकावर जमा करायला लावले, बाहेर पडताना पिशव्यांची झडती सुरू केली, कामगारांच्या खासगी वह्यांवर बंदी घातली. पहिल्या प्रश्नाला मात्र ती अडखळली. कंपनीतल्या तीन हजारांहून अधिक कागदांवर 'गोपनीय' असा शिक्का होता. त्यात कँटीनचा साप्ताहिक मेनूही होता.

"सगळंच गुपित आहे असं सांगितलंत," शहापूरकर म्हणाले होते, "तर न्यायाधीश म्हणतील, काहीच गुपित नाही."

म्हणून पुण्याहून ताटके आले होते. त्यांची 'वजा-चाचणी' त्या काळी नवीन होती. ती कशी चालते ते त्यांनी त्याच टेबलाशी उभे राहून हेमांगीला समजावले. पेटीतले यंत्र कंपनीच्या आजवरच्या सगळ्या नोंदी वाचणार होते. प्रत्येक टाकीचे तापमान, प्रत्येक पत्र, कामाच्या पाळ्या, कोण कधी आले, कोण कधी गेले, सगळे. त्यावरून ते कंपनीची हुबेहूब प्रतिछाया उभी करणार होते, जिच्यात टाक्या असतील, माणसे असतील आणि पटही तयार होतील.

"मग मी एकेक गोष्ट वजा करतो," ताटके म्हणाले. "समजा, पोषद्रवाचं सूत्र. प्रतिछायेतल्या सगळ्यांना मी ते विसरायला लावतो आणि कारखाना चालवून बघतो. पट किती कमजोर झाला, तेवढा त्या सूत्राचा भार. जी गोष्ट वजा करूनही काही बिघडत नाही, किंवा जी बाहेरच्या कुणालाही सहज कळू शकते, तिचा भार शून्य. शेवटी जे उरतं ते तुमचं गुपित."

आणि त्या गोष्टीचे कारण? तेही यंत्र सांगते का, असे हेमांगीने विचारले.

"नाही. ते फक्त वजाबाकी करतं. कारण माणसांनी शोधायचं."

तिच्याकडे वेळ फार नव्हता. महिन्याभरात सगळा कारखाना तळेगावच्या नव्या इमारतीत हलायचा होता. तिथली जमीन खास कंपनरोधी बांधून घेतली होती, कारण सोलापुरात शेजारच्या टॉवेल कारखान्याच्या खडखडाटाने कार्यालयात फोनवर बोलणेही मुश्किल व्हायचे. जाण्यापूर्वी नोटीस पाठवून हा विषय संपवावा, असा तिचा विचार होता.

दहा दिवसांनी, एका शुक्रवारी दुपारी, ताटक्यांनी तिला बोलावले. पडद्यावर एक यादी होती आणि ती विलक्षण आखूड होती. तीन हजार कागदांपैकी जवळपास सगळ्यांचा भार शून्य निघाला होता. पोषद्रवाचे सूत्र, जे पोलादी कपाटात दोन कुलपांमागे ठेवलेले होते, त्याचा भार होता चार टक्के. रुग्णालयात पोहोचलेला एक पट घेऊन तपासला तर कुठलीही बरी प्रयोगशाळा ते सूत्र आठवड्यात काढू शकते, असे ताटके म्हणाले. हेमांगीला ते ऐकून धक्का बसला, पण तिचे लक्ष यादीच्या पहिल्या ओळीकडे होते. तिथे भार होता एकेचाळीस टक्के, आणि गुपिताच्या रकान्यात एकच शब्द होता. सोमवार.

यंत्राची काही चूक झाली असेल, असे तिने दोनदा सांगून पाहिले. ताटक्यांनी आकडे उलगडून दाखवले. अकरा वर्षांत रुग्णांसाठीची एकही वाढटाकी सोमवारी सुरू झाली नव्हती. मंगळवार ते शुक्रवार, एवढ्याच दिवशी. शनिवार-रविवारी नवीन टाकी लावायची पद्धत कधीच नव्हती. पाच महिन्यांपूर्वी सोमवारचीही टाकी सुरू झाली, आणि बिघडलेल्या टाक्या जवळपास सगळ्याच सोमवारच्या होत्या.

हेमांगी खुर्चीत बसली. तिला ते कारण ठाऊक होते, किंवा ठाऊक आहे असे ती समजत होती. महानंदाचा सोमवारचा उपवास असायचा, सिद्धेश्वराचा. त्या दिवशी ती नवीन टाकीला हात लावत नसे. सगळे तिला त्यावरून थोडे चिडवायचे आणि सोडून द्यायचे. ती गेल्यावर नव्या व्यवस्थापकाने पहिली कोणती सुधारणा केली असेल तर हीच, की एका बाईच्या उपवासापायी आठवड्यातला एक दिवस वाया जाऊ द्यायचा नाही. हेमांगीनेच त्यावर सही केली होती.

"यंत्राला उपवास कळत नाही," ताटके हळूच म्हणाले. "त्याला एवढंच दिसतं, की हा नियम काढला की पट फाटतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमांगी मजरेवाडीत महानंदाच्या घरी गेली. महानंदा शनिवार-रविवार सोलापुरात घरी यायची. वकिलांनी तिला भेटायला सक्त मनाई केली होती, म्हणून हेमांगीने त्यांना सांगितलेच नाही. दार उघडल्यावर महानंदा क्षणभर थबकली, मग आत या म्हणाली. चहा आला, शेंगाचटणी लावलेली कडक भाकरी आली. महानंदा समोर बसली.

हेमांगीने सरळ विचारले, की सोमवारचे काय आहे.

महानंदाने भाकरीचे ताट थोडे बाजूला सरकवले. मग तिने सांगितले ते असे. तिचा उपवास खरा होता, पण टाक्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पहिल्याच वर्षी, टाक्या अजून चाचणीवर असताना, तिच्या लक्षात आले होते की सोमवारी लावलेल्या टाकीतला पट उचलताना हाताला नरम लागतो. तिने तेव्हाच्या प्रमुख शास्त्रज्ञांना बैठकीत सांगितले. ते हसले आणि पेशींना वार कळतात का, असे म्हणाले. सगळी बैठक हसली. पुढच्या सोमवारपासून तिने उपवासाचे कारण सांगायला सुरुवात केली.

"उपवास म्हटलं की कुणी वाद घालत नाही, मॅडम," ती म्हणाली.

कारण काय असावे, हे तिलाही माहीत नव्हते. एक गोष्ट तेवढी तिने पाहून ठेवली होती. पटाचे धागे विणले जातात चौथ्या ते सहाव्या दिवशी, आणि सोमवारच्या टाकीचा चौथा दिवस गुरुवारी येतो. "गुरुवारी टाकी गप्प असते. झाकणावर तळहात ठेवला की कळतं. माझ्या वहीत आहे लिहिलेलं."

कुठल्या वहीत, हे हेमांगीने विचारले आणि विचारताक्षणी तिला उत्तर कळले. महानंदाच्या इतक्या वर्षांच्या वह्या बंदीच्या नियमानंतर जप्त झाल्या होत्या. त्या गोपनीय म्हणून शिक्का मारून, न वाचता, कपाटात मोहोरबंद पडल्या होत्या. यंत्रानेही त्या वाचल्या नव्हत्या, कारण कंपनीच्या नोंदींत त्यांचा फक्त आकडा होता. एकोणीस वह्या.

"फाटकावर डबा उघडून दाखवायला मला काही वाटत नव्हतं," महानंदा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पण पिशवीतनं माझी वही काढून घेतली आणि म्हणाले, ही आता कंपनीची. माझंच अक्षर बघायला मला अर्ज करायला लागायचा. दोन अर्ज केले. उत्तर आलं नाही. मग वाटलं, इथं आपल्याला चोर समजतात तर राहायचं कशाला."

ते दोन अर्ज हेमांगीला आठवत होते. सुरक्षा विभागाकडे पाठवा, असे तिने त्यांच्या कडेला लिहिले होते. चहा कोमट झाला होता, तो तिने तसाच पिऊन टाकला. मग विचारले, की अभिकोशला यातले काय सांगितले.

"इथलं मी तिथं सांगितलं नाही. ते खूपदा विचारतात. आणि तिथलं मी इथं सांगणार नाही, तेव्हा तेही विचारू नका."

हेमांगीने विचारले नाही. विचारायची गरजही नव्हती. अभिकोशने आपला त्वचापट दुसऱ्यांदा लांबणीवर टाकल्याची बातमी त्याच आठवड्यात आली होती. घरी परतताना गाडीत तिला एकदम हलके वाटले, आणि त्या हलकेपणाची तिला थोडी शरमही वाटली. महानंदाने काही नेले नव्हते. नोटीस अजून टेबलाच्या खणातच होती, पाठवलेली नव्हती.

सोमवारी तिने मोहोर तोडून वह्या काढल्या. ताटके आणि ती दोघे मिळून वाचत बसले. वहीत तापमान होते, रंग होता, हाताला काय लागले ते होते, आणि अधूनमधून एका ओळीत तीच नोंद होती. गुरुवार, टाकी गप्प.

गुरुवार उजाडला तेव्हा दोघे निर्जंतुक पोशाख चढवून वाढकक्षात गेले. दुहेरी भिंतींच्या त्या खोलीत बाहेरचा आवाज अजिबात येत नसे. हेमांगीने टाकीच्या झाकणावर हात ठेवला. काहीच जाणवले नाही. पण काल आणि परवा, मुद्दाम लक्ष देऊन, तिने हाच हात ठेवला होता, तेव्हा तळव्याला अगदी बारीक धडधड लागली होती, लांबून कुणीतरी दारावर थापा मारत असल्यासारखी. आज ती नव्हती.

ती तशीच बाहेर व्हरांड्यात आली. बाहेरही शांत होते. गुरुवारी ते नेहमीच शांत असे, म्हणून महत्त्वाच्या सगळ्या बैठका ती गुरुवारी ठेवायची. आणि गुरुवारी शांत का असते, हे वसाहतीतल्या कुणालाही विचारले असते तरी सांगता आले असते. शेजारच्या येमूलांच्या टॉवेल कारखान्याला गुरुवारी सुट्टी असे. त्यांचे साठ जुने, धोटा खटाखट आपटत चालणारे माग त्या दिवशी बंद असत.

ताटक्यांनी शुक्रवारी पहाटेपासून कंपनमापक लावून ठेवला. साडेसातला माग सुरू झाले आणि पडद्यावरची सपाट रेष हलू लागली. सेकंदाला दोन ठोके. ते जमिनीतून पायव्यात, पायव्यातून टाकीच्या पायांत आणि तिथून द्रवात पोहोचत होते. द्रवाबरोबर पेशींचा पापुद्रा सेकंदाला दोनदा किंचित ताणला जात होता आणि सैल होत होता.

पुढचे ताटक्यांना सांगायची गरज पडली नाही. ते हेमांगीचे क्षेत्र होते; पेशीशास्त्रात तिची डॉक्टरेट होती. "ताण बसला की पेशी धागे विणतात," ती म्हणाली. "हाडाचं तसंच, स्नायूचं तसंच. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं हाड ठिसूळ होतं ना, तेच. नुसत्या शांत द्रवात पेशी वाढतील, पण घट्ट विणण्याचं त्यांना कारणच राहणार नाही. चौथा, पाचवा, सहावा. या तीन दिवसांत एक दिवस जरी ताण चुकला तरी वीण तिथेच सुटते."

"म्हणजे हैदराबादमध्ये बहुधा सगळेच वार सोमवार आहेत," ताटके म्हणाले. मग पुढचे त्यांनी सावकाश सांगितले. "त्यांनी मला बोलावलं असतं तर मी त्यांना काहीही शोधून देऊ शकलो नसतो. जे मुळात नाहीच, ते वजा करता येत नाही. आणि डॉक्टर, तुमच्या शेजाऱ्यांनी आठवड्याचे सातही दिवस माग चालवले असते, तर तुमच्याकडेही मला ते सापडलं नसतं. ठोका नेहमीच असता. तो वजा करून बघायला प्रतिछायेला एक दिवसही मिळाला नसता. या सुट्टीमुळेच ते दिसलं."

हेमांगीच्या मनात त्या क्षणी तळेगाव होते. एकही ठोका पोहोचणार नाही अशी जमीन तिने स्वतः मागून, नकाशावर बोट ठेवून बांधून घेतली होती. तिथे गेल्यावर पहिल्या दिवसापासून प्रत्येक पट फाटला असता. इथली जागा तोवर रिकामी झाली असती, आणि आपले काय हरवले ते कुणालाही, कधीही कळले नसते. चाळीस जळीत-विभागांतल्या खाटा तिच्या डोळ्यांपुढे आल्या. ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली.

पण एक गोष्ट तातडीची होती. नरसय्या येमूल आपले जुने माग भंगारात काढणार होते आणि त्यांच्या जागी विनाधोट्याचे, कमी आवाजाचे माग येणार होते. याला कारण हेमांगीच होती. चार वर्षे ती त्यांच्याविरुद्ध आवाजाच्या तक्रारी करत होती. भंगारवाला उद्या, शनिवारी येणार होता.

ठोक्याची नोंद आता हाती होती. टाकीखाली एक छोटी मोटर बसवून तोच ठोका देता येईल, असे ताटक्यांचे मत होते. पण ते सिद्ध व्हायला अकरा दिवस लागणार होते, आणि मोटर फसली तर खरे माग नसताना करायचे काय? शहापूरकरांना आता सगळे सांगावे लागले. त्यांनी डोक्याला हात लावला आणि बजावले, की येमूलांना माग इतक्यात मोडीत काढू नका म्हणून सांगा, पण कारण चुकूनही सांगू नका. हे गुपित तुम्हाला कळून अजून चार तासही झाले नाहीत.

हेमांगी येमूलांकडे गेली तेव्हा ते दारातच टॉवेलांच्या गठ्ठ्यांवर नजर टाकत उभे होते. सत्तरीचा माणूस, कानावर पेन्सिल. ती कधी त्यांच्या आवारात आलीच नव्हती. तिने तक्रार मागे घेत असल्याचे सांगितले आणि विनंती केली, की माग अजून दोन आठवडे चालू ठेवावेत.

येमूल तिच्याकडे बघत राहिले. "चार वर्षं बंद करा म्हणत होता, बाई."

ती म्हणाली, की होय, म्हणत होते. कारण मला सांगता येत नाही. खोटे कारण सांगण्यापेक्षा काही न सांगणे बरे वाटले.

येमूलांनी पेन्सिल काढून पुन्हा कानावर ठेवली. मग ते तिला आतल्या रंगाच्या हौदांपर्यंत घेऊन गेले आणि लाल टॉवेलांची एक घडी दाखवली. हा लाल रंग शंभर धुण्यांत उतरत नाही, असे त्यांनी सांगितले. वडिलांनी काढलेला आहे. दोन मोठ्या गिरण्यांची माणसे विचारायला येऊन गेली. धाकट्या भावालादेखील त्यांनी त्यातली शेवटची पायरी सांगितलेली नाही.

"तेव्हा कारण नका सांगू," ते म्हणाले. "दोन आठवडे ना? भंगारवाल्याला पुढची तारीख देतो."

सोमवारी, जाणूनबुजून सोमवारीच, दोन टाक्या लावल्या गेल्या. दोन्ही जाड रबरी पायांवर उचललेल्या, जमिनीचा ठोका लागू नये म्हणून. एकीखाली ताटक्यांनी बसवलेली मोटर नोंदवलेल्या ठोक्याने चालत होती. दुसरीखाली काही नव्हते. अकराव्या दिवशी पट उचलायला हेमांगीने महानंदाला बोलावले. नोकरीवर परत ये, असे तिने म्हटले नाही. तेवढे म्हणण्याचा आपल्याला अजून हक्क नाही, असे तिला वाटत होते. पट उचलताना हाताला काय लागते ते तूच ओळखशील, एवढेच ती फोनवर म्हणाली, आणि एकोणीस वह्या मजरेवाडीच्या घरी पोचत्या केल्या.

महानंदा रजा घेऊन आली. हात धुऊन, पोशाख चढवून ती आधी मोटर नसलेल्या टाकीकडे गेली. चिमट्याने पटाची कडा धरली, उचलली, आणि तो मधोमध फाटला. मग ती दुसऱ्या टाकीपाशी आली. महानंदाने कडा धरली, हळूहळू वर घेतली, पूर्ण पट द्रवाबाहेर आला, पाणी निथळले, आणि तो तसाच चिमट्यात लटकत राहिला. तिने तो बोटावर घेऊन ताणून पाहिला.

"मंगळवारच्या टाकीसारखा आहे," ती म्हणाली. "थोडा घट्टच, पण चालेल."

हेमांगी भिंतीला टेकली. तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि हातमोज्यांमुळे ते पुसता येत नव्हते. ताटके उगाचच मोटरचा वेग पुन्हा एकदा तपासत होते.

नंतरच्या दिवसांत बऱ्याच गोष्टी झाल्या. नोटिशीचा मसुदा फाडून टाकला गेला. शहापूरकरांनीच तो फाडला, आणि जे आपल्याला माहीतच नव्हते ते चोरीला गेले असे म्हणता येत नाही, हा कायद्याचा मुद्दा त्यांनी आनंदाने समजावून सांगितला. दीड हजार कागदांवरचे शिक्के एका बैठकीत उतरवले, बाकीचे पुढे. ठोक्याचा वेग आणि जोर एका पानावर लिहून त्याच्या फक्त दोन प्रती काढल्या. फाटकावरची झडती बंद झाली. तळेगावच्या इमारतीत प्रत्येक टाकीखाली मोटर बसवायचे ठरले. येमूलांचे माग शेवटी भंगारात गेले, त्या दिवशी हेमांगी तिथे जाऊन उभी राहिली. त्यांनी तिला दोन लाल टॉवेल दिले.

महानंदाने हैदराबादचा राजीनामा दिला. तळेगावला ती संशोधक म्हणून रुजू झाली. तिच्या नेमणूकपत्रात एक वाक्य हेमांगीने स्वतः घातले होते, की वह्या लिहिणाऱ्याच्याच राहतील.

नव्या इमारतीत महिनाभर काम सुरळीत चालल्यावर ताटके शेवटचे एकदा आले. पेटी परत न्यायची होती, पण जाण्याआधी चाचणी पुन्हा एकदा चालवून पाहावी असे त्यांना वाटले. ठोका आता लिहिलेला होता, मोटर तो देत होती. वार वजा केला तरी काही बिघडणार नव्हते. तसेच झाले. सोमवारच्या ओळीपुढे शून्य आले, आणि हेमांगीला मनापासून बरे वाटले.

पण यादीच्या माथ्यावर नवीन ओळ होती. भार तेवीस टक्के, आणि गुपिताच्या रकान्यात वार, सूत्र, कृती असे काही नव्हते. तिथे नुसते एक नाव होते. महानंदा बिराजदार.

पहिल्या चाचणीच्या वेळी ती कंपनीत नव्हती, म्हणून ही ओळ तेव्हा आली नव्हती. ताटक्यांनी ते महानंदालाच बोलावून दाखवले. ती असे काय करत होती, जे वजा केल्यावर पट चौथा भाग कमजोर होत होता? महानंदाने डोके खाजवले. नेहमीचेच करते, म्हणाली. टाकी बघते, पाणी बघते. तिला खरोखरच माहीत नव्हते, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होते.

ते सापडलेले नाही तोवर ते कुणी नेऊही शकत नाही, ही गोष्ट हेमांगीच्या ध्यानात लगेच आली. ती म्हणाली, की असू द्या, शोधायला नको. वकीलही हेच म्हणाले असते. महानंदाने मात्र मान हलवली.

"शोधा की," ती म्हणाली. "मी काय करते ते मलासुद्धा कळू दे."

ताटके प्रामाणिक माणूस होते. त्यांनी तिला आधीच सावध केले. तीन महिने रोज तिच्यामागे उभे राहून प्रत्येक हालचाल टिपावी लागेल. आणि ते सापडले, लिहिले गेले, की दुसरे कुणीही ते करू शकेल. "मग या यादीत तुमच्या नावापुढे शून्य येईल, महानंदाताई. ते आत्ताच सांगून ठेवतो."

महानंदाने पडद्यावरची ओळ पुन्हा एकदा वाचली.

"सोमवारचं झालंच की शून्य," ती म्हणाली. "मी आहे अजून. उद्या सातला या, नवीन टाकी लावायची आहे."